फॅटच्या मशीनमधला आयसी

मंगळवार पेठेतल्या गैबी मुजावरांच्या दुकानात शिरताना समोरच एक पाटी दिसते. पांढऱ्या पत्र्यावर काळ्या रंगात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली: "आयसी बदलणे म्हणजे बल्ब बदलणे नव्हे." पाटी लावून चौदा वर्षं झाली. चौदा वर्षांत ती वाचून कुणी गप्प बसलं, असं एकदाही घडलेलं नाही. माणूस पाटी वाचतो, मान हलवतो, पिशवीतून बंद पडलेली वस्तू काढतो आणि म्हणतो, "मास्तर, एक आयसीच गेला असंल बगा. पाच मिनटाचं काम."

मास्तर चष्मा कपाळावर चढवतात. "मग तुम्हीच करा की. बसा हितं. मी चा पिऊन येतो."

माणूस हसतो. मास्तर हसत नाहीत.

ते मूळचे मुरगूडचे. वडील शिलाई काम करायचे. गैबीला सुईदोऱ्यापेक्षा दुकानातल्या रेडिओचं वेड. रेडिओ उघडला की आतलं सगळं दिसायचं; कुठली तार कुठे जाते, काय तापतंय, काय जळलंय. पुढे कोल्हापुरात येऊन ते टेपरेकॉर्डर दुरुस्त करायला शिकले आणि तिथे पहिल्यांदा आयसी नावाचा हा काळा चौकोनी तुकडा त्यांच्या वाटेत आडवा आला. दोन्ही बाजूंना पाय, वर नंबर, आणि आत काय आहे ते दाखवायची तयारी नाही. एकोणीस वर्षांच्या गैबीला हा अपमान वाटला. जळालेला एक आयसी त्याने घरी नेला आणि आईच्या अडकित्त्यात धरून फोडला. आत तांदळाच्या कणीएवढी एक चकचकीत टिकली निघाली. बस्स. अडकित्त्याचं पातं मात्र कायमचं दातरलं. त्यानंतर आईने त्याला सुपारी कातरायला कधी सांगितली नाही.

त्या टिकलीचा राग त्यांच्या मनातून आजवर गेलेला नाही. बासष्टाव्या वर्षी ते शिरोली एमआयडीसीतल्या मशीनचे बोर्ड, दवाखान्यातली यंत्रं, वजनकाटे, सगळं दुरुस्त करतात. पण आयसी हातात घेतला की कपाळाला आठी पडतेच.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी सकाळी साडेदहाला एक बाई दुकानात आल्या. पन्नाशीच्या, नऊवारी, घाम पुसत. दोन्ही हातांत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी, तान्ह्या पोराला धरावं तसं. मुरगूडजवळच्या एका वाडीतल्या महिला दूध संस्थेच्या त्या सचिव, तानाबाई.

"मास्तर, फॅटचं मशीन हाय. एसटीत मांडीवर घिऊन आलो." त्या भागातल्या बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलतात, तशाच त्या बोलत होत्या. "एक आयसीच..."

"पाटी वाचली?"

"वाचली की."

"मग?"

तानाबाई गप्प झाल्या. ही पहिलीच. मास्तरांना जरा बरं वाटलं.

फॅटचं मशीन म्हणजे दूध संस्थेचा न्यायाधीश. नळीने घोटभर दूध आत ओढतं आणि मिनिटाभरात दुधात स्निग्धांश किती, ते सांगतं. त्या आकड्यावर दुधाचा दर ठरतो आणि गावात कुणाची म्हैस कशी, हेही ठरतं.

"रविवारच्यानं येडं झालंय," तानाबाई म्हणाल्या. "म्हशीच्या दुधाला साडेतीन, गाईच्याला सात. काल चिमणाबाईनं मुद्दाम साधं पाणी लावलं, तर पाण्याला सव्वाचार!"

"मग विहीरच घाला की डेअरीला," मास्तर म्हणाले.

तानाबाई हसल्या नाहीत. गोधडीची घडी घालता घालता म्हणाल्या, "बासष्ट बायकांची संस्था हाय, मास्तर. नऊ वर्सं चालवलोय. आन् हे मशीन येडं झालं त्या दोन दिसांत माझ्या म्हशीला दाखवलं आठ. बाकी सगळ्या म्हशींचं उतरलं, माझ्या म्हशीचं तेवढं चढलं. मशीन बिघडलं आसं कोण म्हणंना. म्हणत्यात तानाबाई बिघडली. शनिवारी चारला बैठक हाय. तवर मशीन खरं बोललं न्हाय, तर बायका दूध घिऊन दुसऱ्या संस्थेत जाणार. म्हंजे कुलूपच की."

"कंपनीला फोन केला?"

"केला. ते म्हणालं हे मॉडेल बंद झालंय, नवं घ्या."

मास्तरांनी स्क्रू काढले. झाकण उचललं आणि नाक आक्रसलं. आतून गोडसर आंबूस वास आला. बोर्डावरून तांबड्या मुंग्यांची एक रांग शिस्तीत चालली होती. कडेला कुंकवाचे दोन ठिपके, आणि सगळ्यात मोठ्या आयसीच्या पायांत हिरवट पांढरा थर.

"खंडेनवमीला पूजा केली?"

"केली की. न करून चालंल व्हय? वर्सभर राबतंय बिचारं."

"नारळ कुठं फोडला?"

"उंबऱ्यावर."

"तानाबाई."

"मशीनच्या कडंला."

"कडंला म्हणजे कुठं?"

"वरच्या कडंला."

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वर हवेसाठी जाळी हाय ती दिसली न्हाई?"

"नांगरावर फोडतोय, ट्रॅक्टरवर फोडतोय, मोटरवर फोडतोय. कुणाला कवा काय झालं न्हाय."

"नांगराच्या पोटात हे आसतंय व्हय?" मास्तरांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "वाळूतनं सिलिकॉन काढायचं. ते इतकं शुद्ध करायचं की त्यात दुसरं काही सापडू नये. त्याचा ओंडका ओढायचा, भाकरीसारख्या पातळ चकत्या करायच्या, प्रकाशानं फोटो छापावा तसं त्यावर काम छापायचं, थरावर थर. मग तुकडे कापायचे, केसापेक्षा बारीक तारा जोडायच्या, काळं झाकण घालायचं. नकाशा अमेरिकेत काढलेला, छापलेला तैवानात, पाय लावले मलेशियात. तिथनं सिंगापूर, तिथनं मुंबई. आर्धी दुनिया फिरून धडधाकट आला तुमच्या वाडीत. आन् तुम्ही त्याला नारळाच्या पाण्यात आंघोळ घातली!"

तानाबाईंनी मान खाली घातली; पण कुतूहल काही खाली जाईना. पुढे वाकून त्या म्हणाल्या, "एवढासा तर हाय. आत काय आसतंय?"

गिऱ्हाइकाला काही समजवायचं नाही असं मास्तरांनी फार पूर्वीच ठरवलं होतं, आणि दर आठवड्याला ते मोडायचे.

"उसाला पाणी पाजताना दारं कोण धरतं तुमच्यात?"

"मीच की."

"खोऱ्यानं माती ओढली की सरीतलं पाणी थांबतं, माती काढली की शिरतं. आता समजा, खोरं धरायला माणूसच न्हाई. शेजारच्या सरीतनं बारीक धार आली की हिचं दार आपसूक उघडतं. ती धार थांबली की मिटतं. ह्या सरीनं त्या सरीचं दार उघडायचं, तिनं पुढचीचं. पाणी म्हणजे करंट. आसली दारं ह्याच्या पोटातल्या टिकलीत हजारोंनी हायत. तुमच्या मोबाईलमधल्या टिकलीत तर अब्जांनी."

"आन् ही दारं करत्यात काय?"

"मोजत्यात, आठवत्यात, बेरीज करत्यात. उघडं म्हणजे एक, मिटलं म्हणजे शून्य. सगळा हिशोब तेवढ्यावरच. हा आयसी मोजणारा. दूध बघून सेन्सर कमीजास्त करंट सोडतो, त्याचा हा आकडा करतो."

तानाबाईंनी थोडा विचार केला. "मग बांध फुटला आसंल. पाणी भलत्याच सरीत शिरतंय."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षं शिरोलीच्या इंजिनिअरांना हेच समजावताना त्यांचा घसा बसला होता. "व्हय," ते म्हणाले. "नारळाचं पाणी पायांच्या मधी वाळलं, आन् करंट त्याच्यावरनं चालायला लागला."

त्यांनी ब्रश घेतला, स्पिरिटने थर धुवायला सुरुवात केली. पहिले पाय स्वच्छ झाले. नवव्या पायाशी चिमटा टेकवला, अगदी हलका, आणि पाय मुळापासून निसटून टेबलावर पडला. चिलटाच्या पायाएवढा.

गंजून तो नव्वद टक्के खलास झालाच होता. "आधीच तुटला होता," असं म्हटलं असतं तर जगातल्या कुणालाही खोटं ठरवता आलं नसतं.

"माझ्या हातनं तुटला," मास्तर म्हणाले. आणि मग स्वतःवरच एवढे चिडले की तानाबाईंना चहासुद्धा न विचारता "शनिवारी मशीन घेऊन मी येतो, जावा," म्हणून त्यांनी पाठवून दिलं.

दुपारभर ते फोनवर होते. आयसी बनवणारी मूळ कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती. मोठ्या कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडची मुलगी फार गोड बोलली. हा नंबर अजून निघतो, सर. पण मागणी साठली की मगच एक खेप बनवतात. सव्वीस आठवडे लागतील.

"अहो, बाळ होतं तेवढ्यात!"

"सर, बाळाला चाळीस आठवडे लागतात," मुलगी म्हणाली.

मास्तरांनी फोन ठेवला. त्यांच्या तरुणपणी पाचशे पंचावन्न नंबरचा एक टायमर आयसी होता. एका कंपनीचा मिळाला नाही तर दुसरीचा, तिसरीचा, शेंगदाण्यासारखा वाटीत पडलेला असायचा. आता नाव एकाचं, कारखाना दुसऱ्याचा. बऱ्याच कंपन्यांचा स्वतःचा कारखानाच नसतो, त्या नुसता नकाशा काढतात. छापायची सगळ्यात बारीक कामं करणारं यंत्र नेदरलँड्समधली एकच कंपनी बनवते. तक्रार करायची तर कुणाच्या दारात जाऊन करायची? फौंड्रीचं बरं. ओतकाम बिघडलं तर माणूस शिरोलीला जाऊन समोर उभा राहून शिव्या तरी देऊ शकतो.

शेवटी मुंबईच्या एका व्यापाऱ्याने "एकदम ओरिजिनल, शेठ" म्हणून पाठवतो म्हटलं. गुरुवारी कुरियर आलं. आयसी नवाकोरा, काळाभोर, वर पांढरी ठळक अक्षरं. मास्तरांना ती अक्षरंच जास्त ठळक वाटली. कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून त्यांनी पाठीवर फिरवला. अक्षरं बोळ्यावर आली. आणखी घासल्यावर खालून दुसराच नंबर वर आला. कुठल्यातरी भंगारातल्या बोर्डावरून काढलेला, घासून, रंगवून नवं नाव दिलेला.

रात्रीच्या जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं. बायको खैरुनबी भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "खावा. भाकरी ओरिजिनल हाय."

"चेष्टा करू नको. नाव पुसलं तर खालनं दुसरं नाव निघालं! आजपातूर आसलं कधी..."

"तुमच्या त्या मीटरमधी हाय की तुम्हाला पायजे त्योच आयसी."

मास्तरांचा घास हातात राहिला. "तुला काय म्हाईत?"

"अकरा वर्सांमागं मीटर आणलं तवा तीन दिवस दुसरं काय बोललासा का? ह्यात कसला आयसी, त्यात कसला आयसी. नंबर पाठ झालाय मला."

"मीटरला हात लावायचा न्हाई."

"मी कुठं लावालोय?" म्हणून त्या ताक आणायला आत गेल्या.

ते मीटर म्हणजे दुकानाचा डोळा. शिरोलीतला एक कारखाना बंद पडला तेव्हा लिलावात घेतलेलं, टेबलावर ठेवून करंट मोजायचं, जड, पोलादी पेटीचं. इतकं अचूक की हातातली बाकीची मीटर रोज सकाळी त्याच्यासमोर उभी करून त्यांची परीक्षा घ्यायची. कुणाला ते हात लावू देत नसत. पुसायचे स्वतः, मलमलीच्या फडक्याने.

शुक्रवारी सकाळी नऊला त्यांनी दुकान उघडलं. मीटरकडे पाहिलं. मशीनकडे पाहिलं. "नारळ," असा एकच शब्द शिवी दिल्यासारखा उच्चारला आणि मीटरचे स्क्रू काढायला बसले.

चोवीस पाय एकेक करून, आयसी फार न तापवता, कथील ओढून मोकळे करायला दोन तास दहा मिनिटं लागली. फॅटच्या मशीनमध्ये त्यांनी आधी एक सॉकेट बसवलं, म्हणजे पुन्हा कधी अशी वेळ आली तर आयसी नुसता काढता-घालता येईल. वरच्या जाळीवर तिरकं पत्र्याचं छप्परही केलं. मग आयसी बसवला, नळी पाण्यात बुडवली आणि श्वास रोखला.

शून्य पूर्णांक शून्य.

मीटरचा पडदा मात्र काळाच राहिला.

शनिवारी एसटीने मुरगूड आणि तिथून वडापच्या जीपने वाडी, असं करत ते पावणेचारला संस्थेत पोचले. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात ते जड मीटर. ओसरीवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. तानाबाई एका कडेला उभ्या. बसायला कुणी सरकून जागा दिलेली दिसत नव्हती.

"आलं पावणं," पुढच्या रांगेतून चिमणाबाई म्हणाल्या. अंगाने आडव्या, आवाजाने त्याहून. "आता तानाबाई सांगंल तसं बोलणारं मशीन आणलं आसंल."

"मशीन कुणाचं ऐकत न्हाई, बाई. माझं बी ऐकत न्हाई."

"आन् तो नवा आयसी कुठनं आणला? कशावरनं खरा?"

मास्तरांनी मीटर त्यांच्यापुढे ठेवलं आणि झाकण उचललं. हिरव्या बोर्डावर मधोमध चोवीस भोकांची रिकामी जागा. "हितनं. माझ्या पोटाच्या हत्यारातनं. अकरा वर्सं खरं बोललाय त्यो. वाकडं दाखवायचं आसतं तर एवढं कशाला केलं आसतं?"

चिमणाबाईंनी आत डोकावून पाहिलं. एक-दोन भोकं मोजली. पण हार मानली नाही. "तरीबी. मशीननं मशीनची साक्ष काढायची न्हाय."

"बरोबर हाय," मास्तर म्हणाले. हे त्यांना खरोखर पटलं. "तुमच्यात ती जुनी पेटी आसंल. काचेच्या नळ्यांची."

तानाबाईंनी फळीवरची लाकडी पेटी काढली. मशीन नव्हतं तेव्हा ॲसिड घालून, हाताने फिरवायच्या चक्रीत नळ्या लावून फॅट काढत असत. सकाळच्या दुधाचे तीन नमुने घेतले: चिमणाबाईंचं, तानाबाईंचं आणि एका गाईचं. चक्री फिरवली चिमणाबाईंनीच, पदर खोचून. गरम पाण्यात नळ्या धरल्या. पिवळी तुपाची रेघ काचेवरच्या खुणेपाशी थांबली.

गाय: तीन पूर्णांक नऊ. मशीनवर, तीन पूर्णांक नऊ.

तानाबाई: सहा पूर्णांक चार. मशीनवर तेच.

चिमणाबाई: सहा पूर्णांक एक. मशीनवर, सहा पूर्णांक एक.

"सात कायम आसतंय माझं!" चिमणाबाई ओरडल्या.

"चक्री तुम्हीच फिरवलीसा, मावशी," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग म्हशीतच बिघाड झाला म्हणायचा."

"म्हशीला आयसी नसतो," मास्तर म्हणाले. "पेंड घाला."

ओसरी हसली. त्या हसण्यात बैठक मिटली असती आणि तानाबाईंची सुटकाही झाली असती. पण तानाबाई पुढे आल्या.

"ऐका. मशीन आपोआप बिघडलं न्हाय. खंडेनवमीला मी त्याच्यावर नारळ फोडला. पाणी जाळीतनं आत गेलं. माझी चूक हाय. आन् त्या दोन दिसांचं माझं आठ खोटं. ते खोडा, सहा पूर्णांक चार लिवा."

मास्तरांना टेबलावर पडलेला तो नववा पाय आठवला.

चिमणाबाईंनी खोचलेला पदर सोडला, पुन्हा खोचला. "ती उंबऱ्यावरच फोडालती," त्या एकदम म्हणाल्या, नेहमीपेक्षा निम्म्या आवाजात. "मीच म्हणलतो. उंबऱ्यावर फोडलेला मशीनला पोचतोय व्हय, म्हणून." मग इकडेतिकडे पाहून आवाज परत चढवला. "आता बगत काय बसलायसा? धारंची येळ झाली. कॅन घिऊन या! आन् तानाबाई, बस की खाली. उभी कशापायी हाईस?"

आणि त्या स्वतः सरकल्या. त्या सरकल्या म्हणजे दोघींची जागा झाली.

मास्तर सामान आवरत होते. एवढ्यात एक म्हातारी आतून ताट घेऊन आली. ताटात हळद, कुंकू आणि सोललेला एक नारळ.

"मशीन बरं झालं, तवा..."

"आजी!" मास्तर किंचाळले.

तानाबाईंनी धावत जाऊन नारळ हिसकावला आणि अंगणापलीकडे, गोठ्याच्या दगडावर नेऊन फोडला. पाणी कुठे कुठे उडालं, ते वाकून नीट पाहिलं. कुंकवाचं ताट मात्र म्हातारीने मशीनच्या दिशेने तसंच धरून ठेवलं होतं. काहीतरी केल्याशिवाय ती हलणार नव्हती.

मास्तरांनी मीटर पुढे सरकवलं. "ह्याला लावा. ह्याला आता काय होत न्हाई."

म्हातारीने बोटाने दोन ठसठशीत ठिपके लावले, पोलादी पेटीवर, बरोबर मधोमध.

वडापमध्ये ते मीटर मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या माणसाने विचारलं, "मास्तर, काय बिघडलंय ह्यात?"

"आयसी न्हाई."

"मग एक आयसीच बदलायचा की. पाच मिनटाचं..."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

सोमवारी त्यांनी त्या गोड आवाजाच्या मुलीला फोन करून एका आयसीची मागणी नोंदवली. सव्वीस आठवडे. म्हणजे पाडवा उलटून जाईल. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला त्यांनी तारीख लिहिली आणि मलमलीचं फडकं घेऊन मीटर पुसायला घेतलं. दोन ठिपक्यांपाशी आले, जरा थांबले, आणि त्यांच्या कडेकडेने पुसत पुढे गेले.